मॅमोग्राफी नॉर्मल आली, पण गाठ हाताला लागतेच आहे

"ताई नमस्कार. माझं वय 42. अडीच महिन्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात, वरच्या बाजूला काखेकडे, बोटाच्या पेराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हाताने तपासलं, मॅमोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये 'संशयास्पद काही नाही, स्तन दाट आहेत' असं आलं, डॉक्टर म्हणाले हॉर्मोन्सचं आहे, टेन्शन घेऊ नका, सहा महिन्यांनी दाखवा. त्यानंतर दोन पाळ्या झाल्या, गाठ तशीच आहे. बहीण म्हणते दुसऱ्या डॉक्टरला दाखव. मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे तर कशाला उकरून काढतेस. डॉक्टर इतक्या वर्षांचे ओळखीचे, त्यांना काय वाटेल? आणि दुसऱ्याने वेगळंच काही सांगितलं तर विश्वास कोणावर ठेवायचा? सुई टोचली की असलेलं पसरतं असंही ऐकलंय. मी काय करू? – नाव छापू नका"

अहो ताई, आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. हो, पुन्हा दाखवा, आणि सहा महिने थांबू नका, या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या. मी डॉक्टर नाही, तुमची गाठ कसली आहे हे मी सांगू शकत नाही आणि खरं म्हणजे आत्ता ते कोणीच सांगू शकत नाही, कारण तुमची तपासणी अर्धीच झालीये. तुम्ही सेकंड ओपिनियन घेऊ का म्हणून विचारताय, पण तुम्हाला अजून पहिलंच ओपिनियन पूर्ण मिळालेलं नाही.

असं का म्हणते ते सांगते. हाताला लागणाऱ्या गाठीसाठी जगभरात तीन पायऱ्यांची तपासणी धरतात. डॉक्टरांनी हाताने नीट तपासणं ही पहिली, त्यात दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा आल्या. मग इमेजिंग, म्हणजे मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा दोन्ही, वयाप्रमाणे. आणि गरज वाटली तर सुईने तुकडा घेऊन तपासणं, म्हणजे बायोप्सी. तिसरी प्रत्येकीला लागत नाही. पण तुमच्या वयाला, हाताला गाठ लागत असताना, मॅमोग्राफीत काही दिसलं नाही तर त्या जागेची सोनोग्राफी व्हायलाच हवी, आणि तुमच्या पत्रात सोनोग्राफीचा उल्लेखच नाहीये. तुम्ही लिहायला विसरला असाल तर फाईल काढून बघा. झालीच नसेल तर नेमकं तेच राहिलंय.

आता तो रिपोर्टमधला 'दाट' शब्द. बऱ्याच जणी तो वाचतात आणि सोडून देतात, काहींना वाटतं दाट म्हणजे काहीतरी आजार आहे. आजार वगैरे काही नाही, चाळिशीनंतरच्या जवळजवळ निम्म्या बायकांचे स्तन दाट असतात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त. अडचण फक्त एवढीच की मॅमोग्राफीच्या फोटोत ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे गाठ त्यात लपून जाते. एरवीही मॅमोग्राफीतून दहातले एक ते दोन कॅन्सर सुटतात, आणि दाट स्तनांत हे प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळे गाठ नसलेल्या बाईचा नॉर्मल रिपोर्ट आणि गाठ हाताला लागत असलेल्या बाईचा नॉर्मल रिपोर्ट, दोन्हींवर शब्द तेच असले तरी अर्थ एकच होत नाही. तुमच्या मिस्टरांना हे एवढं वाचून दाखवा. त्यांचं म्हणणं चुकीच्या हेतूने नाही हो, तेही घाबरलेत बहुतेक, आणि नॉर्मल हा शब्द मिळाला की माणूस तो घट्ट धरून बसतो.

मात्र हे वाचून आता रात्रभर जागू नका. हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि बायोप्सीपर्यंत जाणाऱ्या बायकांमध्येसुद्धा बहुतेकींचा रिपोर्ट साधाच येतो. तुमच्या वयात पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट खूप कॉमन आहे, आणि सोनोग्राफीची मजा ही की साधी सिस्ट असेल तर ती पाच-दहा मिनिटांत ओळखू येते, आत पाणी आहे का घट्ट मांस आहे हे स्क्रीनवर स्पष्ट दिसतं, तिथेच विषय संपतो, दुखत असेल तर सुईने पाणी काढून टाकतात नाहीतर तशीच राहू देतात. फायब्रोअ‍ॅडेनोमा म्हणजे कॅन्सर नसलेली घट्ट गाठ असू शकते, ती बोटाखाली सटकते, तरुण वयात जास्त दिसते पण चाळिशीतही असते. मार लागून चरबीची गाठ होते तीही असते. म्हणजे चांगली बातमी मिळायची शक्यता जास्त आहे, आणि ती मिळवायला पण तपासणीच करावी लागते, नुसतं थांबून ती कोणी देणार नाही.

पाळीचा मुद्दाही बघू. पाळीआधी स्तन जड होतात, गाठी-गाठी लागतात, पाळी झाली की विरघळतात, म्हणून तरुण मुलींना डॉक्टर एक पाळी जाऊ द्या मग बघू असं सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या दोन पाळ्या होऊन गेल्या आणि गाठ तिथेच आहे, म्हणजे 'हॉर्मोन्सचं आहे' हे उत्तर आता पुरत नाही. दुखत नाही यावर पण जाऊ नका, न दुखणारी गाठ म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं, कॅन्सरच्या बऱ्याच गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत. आणि उलट बाजूने, दुखते म्हणून ती साधीच असेल हेही गृहीत धरू नका.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोलायला हवं. 'सहा महिन्यांनी दाखवा' हे काही नेहमी टाळाटाळ म्हणून सांगतात असं नाही. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स म्हणून एक नंबर असतो, 0 ते 6, तुमच्या रिपोर्टवरही असेल बघा. त्यात 3 नंबर म्हणजे बहुधा साधीच गाठ, कॅन्सर असण्याची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तिथे सहा महिन्यांनी परत फोटो काढून बदल बघणं हीच योग्य पद्धत आहे, उगाच सुया टोचत बसण्यापेक्षा बरी. पण हा 3 नंबर सगळं इमेजिंग करून, गाठ दिसून, तिचा आकार-कडा बघून मग देतात. तुमच्या रिपोर्टवर बहुतेक 1 किंवा 2 असेल, म्हणजे फोटोत काही वाईट दिसलं नाही एवढंच. जी गाठ फोटोत आलीच नाही तिच्याबद्दल तो नंबर काय सांगणार? 0 नंबर असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे, तपासणी अपुरी आहे, आणखी काहीतरी करा. 4 किंवा 5 असेल तर बायोप्सी, त्यात चर्चा नाही.

म्हणून पहिलं पाऊल मी दुसऱ्या डॉक्टरकडे जा असं नाही सांगणार. आधी तुमच्याच डॉक्टरांकडे जा, आणि हे वाक्य जसंच्या तसं बोला: "दोन पाळ्या झाल्या, गाठ गेली नाही, माझे स्तन दाट आहेत असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, तर त्या जागेची सोनोग्राफी करून घेऊ का?" यात कोणावर आरोप नाही, कोणाचा अपमान नाही. दहापैकी नऊ डॉक्टर लगेच चिठ्ठी लिहून देतील (हा आकडा माझा अंदाज हो, कुठल्या अभ्यासातला नाही). सोबत एक प्रश्न अजून विचारा, "ही गाठ साधीच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, तो उत्तर देतो. 'माझ्यावर विश्वास नाही का' असं उत्तर आलं किंवा सोनोग्राफीला नाहीच म्हणाले, तर मग बहिणीचं ऐका आणि स्तनाच्या आजारांचं काम रोज करणाऱ्या सर्जनकडे जा, जनरल फिजिशियनकडे नको.

डॉक्टरांना काय वाटेल या प्रश्नावर मला जरा राग येतो, तुमच्यावर नाही, आपल्या एकूण सवयीवर. गाठ तुमच्या शरीरात आहे. इतक्या वर्षांची ओळख असलेल्या माणसाला तुम्ही बऱ्या राहिलेल्याच आवडणार ना? डॉक्टर लोक स्वतःच्या घरच्यांसाठी दहा ठिकाणी फोन करून विचारतात, दुसऱ्याचं मत घेणं त्यांच्यासाठी रोजचं आहे. बाहेर दाखवायचं ठरलं तर चोरून जाऊ नका, सरळ सांगा की मनाच्या समाधानासाठी एकदा दाखवून येते, रिपोर्टची कॉपी आणि फोटो द्या. लपवून गेलात की जुने फोटो मिळत नाहीत आणि नवीन डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

आणि फोटो म्हणजे खरोखर फोटो हं, नुसता टाईप केलेला कागद नव्हे. मॅमोग्राफीची सीडी किंवा फिल्म न्या, आधी कधी केलेली असेल तर तीही न्या, कारण जुन्याशी तुलना केल्यावर रेडिओलॉजिस्टला जे कळतं ते एकट्या नव्या फोटोवरून कळत नाही. दुसऱ्याने फक्त पहिल्याचा रिपोर्ट वाचून मान डोलावली तर ते सेकंड ओपिनियन नव्हे, ते पहिलंच पुन्हा एकदा. अपॉइंटमेंट घेताना, आणि मग सेंटरवर टेक्निशियनला, रेडिओलॉजिस्टला, जो भेटेल त्याला सांगा की 'चेकअपला आले नाही, हाताला गाठ लागतेय', कारण नुसतं रुटीन म्हणून केलेली तपासणी वेगळी आणि गाठीसाठी केलेली वेगळी, गाठीसाठी करताना त्या जागेवर त्वचेला छोटी खूण चिकटवतात, तेवढ्याच भागाचे जवळून फोटो घेतात. सोनोग्राफीच्या वेळी स्वतः बोट ठेवून दाखवा, इथे आहे म्हणून. पडल्यावर गाठ हाताला लागेनाशी झाली तर उठून बसा, परत शोधा, मग दाखवा. लाजू नका.

सोनोग्राफीत घट्ट गाठ दिसली आणि डॉक्टर बायोप्सी म्हणाले तर त्या सुईच्या भीतीचं काय? ही भीती फार जुनी आहे आणि फार बायकांचा वेळ तिने खाल्लाय. सुईने तपासल्यामुळे आजार पसरून बायका दगावतात असं आढळलेलं नाही, आणि म्हणूनच ऑपरेशनच्या आधी सुईने तपासणं हीच जगभर मान्य पद्धत आहे. उलट सुई नको म्हणून थेट गाठ कापून काढली आणि नंतर ती कॅन्सरची निघाली तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं, कारण पहिल्या वेळी कडेने किती काढायचं, काखेतलं काय बघायचं हे माहीतच नसतं. म्हणून कोणी सोनोग्राफी-बायोप्सी न करता 'काढूनच टाकू, मग बघू' म्हणालं तर ते सेकंड ओपिनियन घ्यायचं पक्कं कारण समजा.

सुईतही दोन प्रकार आहेत. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेतात. कोअर बायोप्सीत जरा जाड सुईने, जागा बधिर करून, पेशींच्या रचनेसकट छोटे तुकडे घेतात. घट्ट गाठीसाठी दुसरी जास्त भरवशाची, कारण आजार असलाच तर तो दुधाच्या नळीच्या आतच आहे का बाहेर पसरलाय हे तुकड्यावरून कळतं, आणि पुढच्या औषधांसाठी लागणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या त्याच तुकड्यावर होतात. दोन-चार दिवस काळंनिळं पडतं, ठणकतं, इतकंच. रिपोर्ट साधा आला तरी एक प्रश्न विचारायचाच: "फोटोत जे दिसलं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का?" सोनोग्राफी वाईट दिसतेय आणि बायोप्सी म्हणते काही नाही, तर सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते, तेव्हा परत बायोप्सी करावी लागते, तिथे समाधान मानायचं नाही. आणि सोनोग्राफीतही काहीच दिसलं नाही तर? मग काळजीचं कारण खूपच कमी होतं, पण तपासणाऱ्या सर्जनच्या हाताला गाठ संशयास्पद वाटत असेल तर फोटो कितीही स्वच्छ असोत, बायोप्सी करतात. काही कॅन्सर, खासकरून लोब्युलर म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या प्रकारचे, फोटोत नीट उमटत नाहीत, हाताला नुसता जाडसरपणा लागतो.

दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर विश्वास कोणावर, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण बहुतेक जणी याच भीतीने जातच नाहीत. दोन मतं वेगळी आली तर माणसं बघू नका, कोणी कशावरून सांगितलं ते बघा. नुसतं हाताने तपासून 'साधीच आहे' म्हटलेल्यापेक्षा फोटो बघून सांगितलेलं वजनदार, आणि फोटोपेक्षा तुकडा, पण हाताला गाठ संशयास्पद वाटत असेल तर स्वच्छ फोटोने ती शंका मिटत नाही. एकजण 'वाटतंय' म्हणतोय आणि दुसऱ्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट आहे, तर मग तिथे बरोबरी नाहीच. आता बायोप्सीच्या रिपोर्टवरच मतभेद होऊ शकतो का? होतो, पण सगळीकडे सारखा नाही. 2015 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 115 पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाईड्स दिल्या आणि तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या निदानाशी त्यांचं उत्तर ताडून पाहिलं. पसरणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत 96 टक्के जुळलं, साध्या गाठींत 87 टक्के, दुधाच्या नळीतच असलेल्या कॅन्सरमध्ये, ज्याला डीसीआयएस म्हणतात, 84, आणि मधल्या अवस्थेत, ज्याला एटिपिया म्हणतात, फक्त 48 टक्के. म्हणजे रिपोर्टवर 'एटिपिया' किंवा 'डीसीआयएस' असं आलं तर स्लाईड्स आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक्स मागून घ्या आणि स्तनाचं काम जास्त करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाच, तिथे सेकंड ओपिनियनला सगळ्यात जास्त किंमत आहे. परत सुई टोचावी लागत नाही, तोच तुकडा पुन्हा बघतात.

आणि कॅन्सर निघालाच तर? तेव्हाही, ट्रीटमेंट ठरवायच्या आधी, दुसरं मत घ्यायला साधारण एक-दोन आठवडे वेळ असतो, दुसऱ्या दिवशी टेबलावर जायची घाई सहसा नसते. हा वेळ काही बायकांना आपोआप मिळालेला नाहीये. पूर्वी अशी पद्धत होती की बाईला भूल द्यायची, गाठ काढून लगेच तपासायची, कॅन्सर निघाला तर तिला न उठवताच सगळा स्तन काढायचा, ती जागी झाली की तिला कळायचं काय झालं ते. 1974 मध्ये रोझ कुशनर नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईला गाठ लागली, तिने आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी शुद्धीवर असताना ठरवेन असा हट्ट धरला, सर्जनमागून सर्जन नाही म्हणाले, तरी ती मागे हटली नाही. 1979 मध्ये तिकडच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीने तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं अशी शिफारस केली, त्या समितीत ती स्वतः होती. पुढे 2002 मध्ये अमेरिका आणि इटलीतल्या 20 वर्षांच्या अभ्यासांतून हेही दिसलं की लवकर सापडलेल्या बऱ्याच कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात जितक्या पूर्ण स्तन काढल्यावर. म्हणून 'पूर्ण काढावा लागेल' असं एकाने सांगितलं की दुसऱ्याला विचारायचं, का लागेल, गाठीपुरतं काढून भागणार नाही का.

फक्त याचं दुसरं टोक गाठू नका. काही जणी दोघांकडे जातात, मग तिसऱ्याकडे, मग चौथ्याकडे, जोपर्यंत कोणीतरी 'काही नाही' म्हणत नाही तोपर्यंत. ते ओपिनियन नाही, ते मनासारखं उत्तर शोधणं आहे. गाठ लागल्यापासून तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर कॅन्सरच्या बाबतीत निकाल बिघडतात असं दिसलंय, आणि तुमचे अडीच महिने आधीच गेलेत. म्हणून मी या आठवड्यात म्हणते. हे वाचून छातीत धस्स झालं असेल तर लक्षात घ्या की हे कॅन्सर असेल तर लागू, आणि तो आहे असं आत्ता कोणी म्हणत नाहीये.

मधल्या काळात रोज दहा वेळा दाबून बघू नका, दाबून दाबून दुखायला लागेल आणि मग ते दुखणं नवीन टेन्शन. पण त्वचेला खळगी पडली, संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली, निप्पल आत ओढलं गेलं, त्यातून आपोआप रक्तासारखं पाणी आलं, काखेत गाठ लागली, किंवा स्तन लाल-गरम होऊन अँटिबायोटिक घेऊनही आठवडाभरात उतरला नाही, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ जायचं. बहिणीला सोबत न्या. डॉक्टरांकडून ऐकलेलं निम्मं आपल्याला बाहेर आल्यावर आठवत नाही, ती लिहून घेईल. मिस्टरांनाही न्या, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसतील ते, आणि रिपोर्ट मिळाला की फाईलला लावायच्या आधी दोघांनी मिळून शेवटची ओळ वाचा, नंबर तिथेच असतो. काय आलं ते मला कळवा.